रुमालाखाली

आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं,
म्हणून माझ्या रात्री इतरांपेक्षा लांब.
सातला ताटं घासून पालथी,
आणि मी माडीवर, त्या संगणकासमोर
जो एकोणीसच्या पुरात सारडाशेठच्या गाळ्यात
तीन दिवस पाण्याखाली होता.
"भंगारात घाला, दिवाणजी."
मी घरी आणला. दाताच्या ब्रशनं गाळ काढला
आणि गच्चीवर वाळत घातला
सुगंधाच्या सांडग्यांशेजारी.

तो सुरू झाला यात माझं कर्तृत्व थोडं.
ज्यांनी सांगितलं, आधी ती बारीक बॅटरी बदला,
मग लिनक्स टाका, घाई करू नका,
त्यांची तोंडं मी बघितलेली नाहीत.
काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या ओळी
मला रोजकीर्दीसारख्या वाटल्या.
एका ओळीत एक गोष्ट,
आणि चुकलं तर कुठं चुकलं ते सापडतं.
माझं इंग्रजी नववीपर्यंतचं,
पण हुकूम सोडायला एक क्रियापद पुरतं.

एकतीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळद लिहितोय.
राजापुरी, सेलम, गड्डा, कणी.
बोटं धुतली तरी पिवळी.
कुठली बटणं मी जास्त दाबतो
ते लांबूनही दिसतं.

सुगंधा विचारते, ह्याचे पैसे मिळतात?
नाही.
मग?
ह्या 'मग'चं उत्तर मी अजून शोधतोय.

परवा रात्री कुणी एकीनं विचारलं,
दोन अनोळखी माणसं भर बाजारात,
सगळे ऐकत असताना,
एकच गुपित कसं ठरवतात?
जाणकारांनी आकडे दिले, बाक्या दिल्या.
ती म्हणाली, नाही कळलं.
तिसऱ्यांदाही नाही कळलं.

मी दोन बोटांनी टंकलं:
मी कामाला लागलो तेव्हा आमच्यात
हळदीचा भाव रुमालाखाली व्हायचा.
वर तोंडानं पावसाच्या, पोरीच्या लग्नाच्या गोष्टी,
खाली बोटाला बोट.
भोवती साठ माणसं, आणि साठांनाही पत्ता नाही.
(खुणा मात्र सांगितल्या नाहीत. धंदा तो धंदा.)

शाबासकी येईल वाटलं.
एक जण म्हणाला, सुंदर आहे, पण चूक आहे.
रुमाल म्हणजे आडोसा.
इथं आडोसा नसतो.
हात उघडेच असतात.

झोप गेली.
हात उघडे, आणि तरी गुपित?
शेठनं एका पट्टीवर दोनदा सही मागितली
इतका मी दुसऱ्या दिवशी कामात नव्हतो.

संध्याकाळी जिन्यावर सुगंधाचा पाय मुरगळला.
वाटीत हळद, त्यात चुना, बोटानं कालवलं,
आणि पिवळ्याचं लाल झालं
जसं मी जन्मभर बघत आलोय
आणि कधीच बघितलं नव्हतं.
ह्या लालातून आता हळद वेगळी काढून दाखवा.
साठ माणसं उभी करा. दिव्याखाली करा.
"अहो, लेप वाळतोय," ती म्हणाली.

लेप लावला, पट्टी बांधली, वर गेलो.
तुझी चिमूट तू मिसळ, माझी मी मिसळतो, असं लिहिलं,
वाट्या सगळ्यांसमोर बदलू,
मग पुन्हा आपापली चिमूट.
दोघांचा रंग एकच होईल,
आणि बघणाऱ्याला नुसत्या वाट्या दिसतील.

बराच वेळ काही नाही.
मग: कळलं.
मग: कुठल्या कॉलेजात शिकवता?

मी लिहिलं, हळद.
ती म्हणाली, मी कुत्र्यांचे केस कापते.
चूक काढणारा मध्येच म्हणाला, मी कवळ्या बनवतो,
पण आता बरोबर आहे. जवळजवळ.

खाली येऊन सुगंधाला सांगितलं.
कुत्र्यांची न्हावीण!
ती पाय धरून हसली, दुखत असताना हसली,
मग गप्प झाली, आणि उशीवरून म्हणाली,
तिला कळवा,
चुना बेतानं घाल म्हणावं.
जास्त झाला की कातडं भाजतं.